हालायचं नाही

आमचे साडू नाना वाऱ्याशी भांडत असत. मनातल्या मनात नव्हे. चांगलं मोठ्यानं, कमरेवर हात ठेवून, तोंड वाऱ्याकडे करून.

जळगावला त्यांच्या अंगणात मोगऱ्यासमोर तिपाईवर कॅमेरा उभा असे. कॅमेऱ्यावर काळं कापड आणि कापडाखाली धोतर नेसलेले दोन पाय. मोगऱ्याचं पान हललं की कापडातून आवाज येई, "झालं का तुझं?" क्षणभर शांतता. पुन्हा पान हले. मग नाना कापडातून बाहेर येत, विस्कटलेले केस तसेच ठेवून पश्चिमेकडे पाहत आणि म्हणत, "काय भो, तिकडे तापीकाठाला केळीची एवढी पानं पडलीत फाडायला, तिथं जा की. इथं माझ्या एका फुलावर डोळा का?"

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते लग्न होऊन जळगावात बदलून आलो तेव्हा. त्यांच्या अंगणात पश्चिमेलाच उभा होतो. मला वाटलं, हे मलाच सुनावताहेत. मी घाईघाईनं म्हणालो, "चुकलं, नाना."

"तुम्ही नाही हो मास्तर," नाना म्हणाले. मग माझ्या देहाकडे खालपासून वरपर्यंत निरखून पाहत म्हणाले, "पण आता आलाच आहात तर तिथंच उभे राहा. तुमच्यानं बरीच हवा अडते."

त्या दिवशी माझी त्यांच्याकडे वारा अडवण्याच्या कामावर नेमणूक झाली, ती पुढे सात-आठ वर्षं टिकली. शाळेत मी गणित शिकवत असे. पण त्या गल्लीत माझी खरी किंमत रुंदीवर होती.

नानांची बायको माई आणि माझी बायको या सख्ख्या बहिणी. घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. नानांचं फोटोचं दुकान होतं आणि ते बरं चालत असे. धंदा चेहऱ्यांचा. लग्नाळू मुलं, म्हातारी माणसं, कापसाच्या जिनातले मुकादम, कुस्ती जिंकलेले पैलवान, सगळे नानांसमोर खुर्चीवर बसत आणि नाना कापडात शिरता शिरता सांगत, "आता हालायचं नाही."

हे शब्द त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की ते कुठेही निघत. पंगतीत वाढपी तूप घेऊन आला की नाना शेजाऱ्याला म्हणत, "हालायचं नाही." न्हावी त्यांची दाढी करायला बसला की नाना न्हाव्यालाच सांगत, "हालायचं नाही." एकदा कानबाईच्या आरतीत सगळे डोळे मिटून उभे असताना यांनी हळूच हे म्हटलं आणि आरतीचं ताट धरणारी माई खरंच जागच्या जागी थांबली. कापूर विझला. त्यावर माई जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, पण नाना त्यानंतर बराच वेळ हलले नव्हते.

चेहऱ्यांच्या धंद्यात नानांचं खरं शस्त्र म्हणजे पेन्सिल. काचेच्या प्लेटवर फोटो उलटा उतरतो. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. त्या काचेवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवली की कागदावर तिथं उजेड पडतो. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळजी, कपाळावरच्या आठ्या सगळं जातं. नाना ते टोक तासून सुईसारखं करत आणि डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास डाग काढत बसत. "डाग काढणं हाच माझा धंदा," असं अभिमानानं सांगत. बोदवडच्या एका मुलाचा त्यांनी स्थळासाठी असा फोटो काढला, की मुलीकडचे लोक बोदवडच्या स्टेशनवर उतरले आणि घ्यायला आलेल्या नवऱ्यामुलाच्या अंगावरून पुढे निघून गेले. ते फोटोतला मुलगा शोधत होते.

पण चेहरे पोटासाठी. जीव फुलांवर. शेवंती, अबोली, कण्हेर, गोकर्ण. तेही झाडाचा फोटो नव्हे. एकच फूल, इतक्या जवळून की कागदावर ते जेवणाच्या ताटाएवढं व्हावं. त्यासाठी कॅमेऱ्याचा भाता ओढून हातभर लांब करावा लागे. भाता लांबला की आतला उजेड कमी होई, उजेड कमी झाला की फोटोला वेळ जास्त लागे आणि वेळ जास्त लागला की वारा येई. नानांचं आणि वाऱ्याचं वैर हे असं थेट हिशेबातून आलेलं होतं.

"नाना, अंगणात फूल फुकट मिळतं. फोटोला एवढा खटाटोप कशाला?" मी एकदा विचारलं.

"अंगणातलं संध्याकाळी सुकतं," ते म्हणाले.

"मग दुसऱ्या दिवशी दुसरं येतं."

"ते ज्याला माळता येतं त्याला," असं काहीतरी ते पुटपुटले आणि कापडात शिरले. मी लक्ष दिलं नाही. मी त्या वेळी वारा अडवत होतो.

अंगणातला तो मोगरा लावलेला होता अक्कांनी. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी कुंकू गेलं आणि धरणगावाकडच्या सासरहून माहेरी परत आली, ती कायमची. नाना शहरात येऊन दुकानदार झाले, गिऱ्हाइकाशी बोलताना शहरी बोलू लागले. अक्कांनी मात्र आपली खानदेशी सोडली नाही. बोलत कमी, पण बोलल्या की विषय तिथंच संपे. रोज संध्याकाळी त्या ओट्यावर बसून मोगरा गुंफत. एक गजरा माईचा, एक माझ्या बायकोचा. तिसरा कधीच नसे. त्या काळी तो असायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही पाहत असूनही ते कधी पाहिलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची.

धुळ्याला शेतकी प्रदर्शन भरायचं होतं. बैल, नांगर, बियाणं, मोठमोठे भोपळे, आणि त्यातच पिकांच्या फोटोंचा एक मांडव. नानांनी ठरवलं, आपण कपाशीचं फूल ठेवायचं. खानदेशात कपाशीवर सगळं घर चालतं, पण तिचं फूल कोणी नीट बघत नाही, सगळ्यांचं लक्ष बोंडाकडे, असं त्यांचं म्हणणं. जळगावच्या बाहेरच कुठल्याशा वावरात जाऊन त्यांनी फोटो काढला. अडचण एकच झाली. आमच्याकडच्या देशी कपाशीचं फूल पिवळं, आणि त्यांच्या जवळच्या साध्या प्लेटला पिवळं दिसत नसे. फूल काळंकुट्ट उतरलं.

नाना घाबरले नाहीत. पेन्सिल घेतली. चार दिवस बसून त्यांनी ते फूल उजळलं. पाकळीवरचे ठिपके काढले, कडेची फाट बुजवली आणि फुलाच्या पोटात, अगदी मधोमध, एक मोठा गडद डाग होता तोही सवयीनं साफ करून टाकला. मला दाखवला. फूल असं गोरंपान, की त्याला स्थळ सांगून यावं.

धुळ्याला आम्ही सगळे गेलो. अक्काही आल्या; त्यांना तिथल्या एकवीरेचं दर्शन घ्यायचं होतं. मांडवात नानांचा फोटो मधोमध लागला होता. लोक येत, मान डोलवत, पुढे जात. मग धरणगावाकडचा एक म्हातारा शेतकरी आला. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. फोटोसमोर थांबला. जवळ गेला, मागे आला. शेवटी नानांकडे वळून म्हणाला, "भाऊ, फूल ते भारी शे. पन कपाशीनं कुंकू कोनी पुसी टाकं?"

नानांना कळेना. म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं फुलाच्या मधोमध दाखवलं. आमच्या कपाशीच्या पिवळ्या फुलाच्या पोटात तांबडा-जांभळा टिळा असतो. खानदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तो आपल्या कपाळाइतका ओळखीचा. आणि आमच्या नानांनी तो डाग म्हणून काढून टाकला होता. भोवतालचे लोक हसले. चांगले खदखदून हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. मला ते फूल आधीच दाखवलं होतं आणि गणिताच्या मास्तरालाही काही खटकलं नव्हतं, हे त्या हसण्यात बरं झाकलं गेलं.

नाना हसले नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे अक्का उभ्या होत्या. त्यांनी पदर जरा पुढे ओढला आणि म्हणाल्या, "चाल, एकवीरेले जाऊत."

त्यानंतर आठ दिवस नाना कोणाशी बोलले नाहीत. वाऱ्याशीसुद्धा. मोगऱ्याची पानं खुशाल हलत होती, कोणी विचारत नव्हतं. माझी बायको म्हणाली, "बक्षीस गेलं म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं? लहान मुलासारखं?" मलाही तसंच वाटलं. आम्हा नवरा-बायकोचं एकमत झालं, तेव्हाच खरं तर संशय यायला हवा होता.

नवव्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात उभे.

"मास्तर, पुढच्या प्रदर्शनाला पुन्हा कपाशीचंच फूल. कुंकवासकट. तुम्ही आहात ना?"

"मी कशाला?"

"वारा," ते म्हणाले.

मग वर्षभर जी तयारी चालली तिनं दोन्ही घरं वेठीला धरली. मुंबईहून नव्या प्लेटा मागवल्या, ज्यांना पिवळं थोडंफार दिसे अशा. पिवळं आणखी उजळ उतरावं म्हणून त्यांच्यापुढे धरायला पिवळी काच हवी होती. ती मिळेना. तेव्हा नानांनी एक कोरी प्लेट धुऊन पारदर्शक केली, तिच्यावरचा सरसाचा लेप रंग चांगला पितो हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिला पिवळं करायला माईनं दसऱ्याच्या श्रीखंडासाठी डबीत जपलेलं केशर पाण्यात कालवलं. सगळं. काच अशी सुरेख पिवळी झाली, की तिच्यातून पाहिलं तर माईचा रागही जरा ऊन पडल्यासारखा दिसे. त्या दसऱ्याला आम्ही पांढरं श्रीखंड खाल्लं. नाना वाटीवर ती काच धरून खात होते.

आणि भादव्यात त्यांनी त्या लाल पागोट्याच्या म्हाताऱ्याला शोधून काढलं. सुपडू आबा त्याचं नाव. नाना त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आबा, चूक तुम्ही दाखवलीत. आता फूलही तुम्हीच दाखवा."

सुपडू आबानं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, "मना वावरमा ये. पन सकायमा. दुपारले ते लाल व्हस नि मान टाकस."

म्हणून भल्या सकाळच्या गाडीनं आम्ही धरणगावला उतरलो. नानांच्या हातात कॅमेरा, जसं बाळंतिणीनं पोर धरावं. माझ्या खांद्यावर तिपाई, बगलेत घोंगडी, पाठीवर पांढरं धोतर आणि हजामतीचा आरसा असलेली पिशवी. स्टेशनवर एका ओळखीच्यानं विचारलं, "मास्तर, कुठे बिऱ्हाड हलवलं?"

पहिला दिवस मी वाया घालवला. नानांचा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा द्यायचा, डोक्यावरून बघायचं नाही. कपाशीच्या फुलाचा डोळा गुडघ्याएवढ्या उंचीवर. म्हणजे पावसानं चिंबलेल्या काळ्या जमिनीत पोटावर झोपणं आलं. फुलावर उन्हाचा तडाखा नको म्हणून वर पांढरं धोतर ताणायचं, ते सुपडू आबानं दोन काठ्यांवर ताणलं. फुलाच्या पोटात उजेड जावा म्हणून खालून आरसा धरायचा, तो मी. फुलामागे काही गचाळ दिसू नये म्हणून काळा पडदा हवा, तो माझा शाळेचा कोट. आणि वाऱ्याच्या बाजूला घोंगडी, तीही मीच, दुसऱ्या हातानं. नानांनी भिंगासमोर केशराची काच बसवली, भिंगाचं भोक बारीक केलं, म्हणजे पाकळीच्या कडेपासून पोटापर्यंत सगळं स्पष्ट यावं. आणि म्हणाले, "मास्तर, एकवीस आकडे मोजा. हालायचं नाही."

मी पंधरापर्यंत पोचलो आणि मला शिंक आली.

नानांनी झाकण लावलं. सुपडू आबा म्हणाला, "मास्तर, तुमना पोरे एकवीसपावत मोजतस का?"

दुसऱ्या दिवशी वारा होता. नाना उठून त्याच्याशी भांडले. सुपडू आबाला हा प्रकार नवा. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग स्वतःही उभा राहून दोन शब्द बोलला. त्याचे शब्द नानांपेक्षा पुष्कळ जुने आणि पक्के होते. पण वाऱ्यानं दोघांनाही जुमानलं नाही. तोवर फूल तांबूस होऊन मिटायला लागलं. त्या दिवशी नानांनी आबाला कापडाखाली घेऊन मागच्या दुधी काचेवर फूल दाखवलं. आबा आतूनच म्हणाला, "अरे, हाई ते उलटं लटकेल शे."

"फोटोत सरळ येतं, आबा."

"मग आते कशाले लटकाडं बिचाराले?"

तिसऱ्या सकाळी हवा अशी पडली होती, की सगळी कपाशी कुणीतरी सांगितल्यासारखी स्तब्ध. सुपडू आबानं तिसऱ्या ओळीतलं एक फूल निवडलं. पूर्ण उमललं होतं. पोटात टिळा ठसठशीत. पण खालच्या पानाला अळीनं पाडलेलं एक भोक. नाना म्हणाले, "दुसरं बघू, याला भोक आहे." आबा म्हणाला, "भोक नही असं पान दाखाड मले." नानांनी तीन ओळी हिंडून पाहिलं आणि परत आले.

मी झोपलो. आरसा धरला. घोंगडी धरली. श्वास आत घेतला आणि तिथंच ठेवला. एक, दोन, तीन. बाराव्या आकड्याला एक मुंगी माझ्या मनगटावरून कोपराकडे निघाली. सतराव्याला ती बगलेत पोचली. मी हललो नाही. आयुष्यात मी काही फार मोठं केलं नाही. पण त्या सकाळी अठरापासून एकवीसपर्यंतचे चार आकडे मी ज्या निश्चलपणे मोजले, त्याला तोड नाही. एकवीस म्हणताच नानांनी झाकण लावलं, कापडातून बाहेर आले आणि आकाशाकडे पाहून वाऱ्याला म्हणाले, "ये आता."

प्लेट धुतल्यावर दिसलं, फूल उतरलं होतं. पाकळ्या उजळ, शिरा न शिरा मोजाव्यात अशी, आणि पोटात टिळा गडद. पण नानांचा आता स्वतःवरच भरवसा नव्हता. बोटं शिवशिवत होती. म्हणून त्यांनी आपली डाग काढायची पेन्सिल अक्कांच्या हवाली केली. "कितीही मागितली तरी देऊ नको," असं बजावून. अक्कांनी ती आपल्या ट्रंकेत टाकली आणि किल्ली कमरेला लावली.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी तिकडे चहाला गेलो होतो. नाना ओट्यावर अक्कांसमोर येऊन उभे. हातात ती काच.

"अक्का, पेन्सिल दे ना."

"कशाले?"

"एक डाग शे. बारीक शे."

"मी नही देस."

"अक्का, खरंच बारीक शे. मास्तरांना विचार."

मी चहात पाहिलं. अक्कांनी हातातला मोगरा खाली ठेवला. काच मागून घेतली, उजेडाकडे धरली आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"डाग कोना शे?" त्यांनी विचारलं. "फुलना का काचना?"

काच परत घेऊन नानांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. "हा वरचा काचेचा," ते म्हणाले. "धुळीचा कण बसलाय. आणि हा खालचा," इथं त्यांचा आवाज उतरला, "पानाचं भोक."

"मग काचना डाग काढ," अक्का म्हणाल्या. "फुलना डाग फुलले ऱ्हाऊ दे." आणि कमरेची किल्ली काढून दिली.

नानांनी पेन्सिलीचं टोक एकदाच टेकवलं, एका कणावर, आणि पेन्सिल परत नेऊन दिली. छापताना कागदाच्या कडांवर उजेड जास्त पडू दिला, म्हणजे कडा काळोख्या होऊन नजर आपोआप फुलाच्या पोटाशी जावी. फुलावर मात्र तळहाताची सावली हलती धरली, म्हणजे पाकळी काळवंडू नये. पण हे सगळं उजेडाचं काम. फुलाला हात नाही.

धुळ्याच्या मांडवात या खेपेला फोटो कोपऱ्यात लागला होता. गेल्या वर्षीचं हसू मांडणाऱ्यांच्याही लक्षात असावं. आम्ही शेजारी उभे. नाना पांढरे पडलेले. लोक येत आणि पुढे जात. मग लाल पागोटं दिसलं. सुपडू आबानं आपल्या गावची दहा-पंधरा माणसं बरोबर आणली होती. तो फोटोसमोर येऊन उभा राहिला. नानांनी माझं मनगट धरलं, ते इतकं घट्ट की मुंगी असती तर मेली असती.

आबा वाकला. पाहिलं. मग काठी जमिनीवर आपटून म्हणाला, "या रे बठ्ठा, दखा. हाई मना वावरनं फूल शे. तिसरी ओळ. पानले भोक दखा, हाई भोक मी ओळखस."

माणसं पुढे सरकली. एकानं टिळ्यावर बोट ठेवलं. दुसरा म्हणाला, "वास बी येस." थोड्या वेळात अशी गर्दी झाली, की समोरचा भला थोरला भोपळा एकटा पडला. भोपळ्याचा मालकही शेवटी इकडेच आला. शेतकी खात्याचे साहेब गर्दी बघून आले, त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि विचारलं, "यात रंग भरलाय का?"

"नाही साहेब," सुपडू आबानं नानांच्या आधी उत्तर दिलं. "रंग देवना शे."

पहिलं बक्षीस नानांना मिळालं. रुपेरी बिल्ला छातीवर लावताना नाना इतके ताठ उभे, की साहेबांना वाटलं टाचणी टोचली. आबाच्या गावकऱ्यांनी नानांना खांद्यावर घेऊन मांडवाभोवती मिरवून आणलं. मला कोणी उचललं नाही, पण त्यामागचं कारण मानाचं नव्हतं, वजनाचं होतं.

मग साहेब म्हणाले, "हा फोटो आमच्या कचेरीत लावू. तुमचं नाव खाली घालू."

नानांनी जन्मात कुठल्या साहेबाला नाही म्हटलेलं नव्हतं. शिपायालाही ते दोनदा नमस्कार करत. पण ते म्हणाले, "साहेब, दुसरी प्रत छापून पाठवतो. ही नाही देता येणार. हिची जागा ठरलेली आहे."

ही जागा कोणती, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी मी माझा कोट मागायला नानांकडे गेलो. त्याच्यावरची धरणगावची माती माईनं एकदाची धुऊन काढली होती. माई म्हणाली, कोट अक्कांच्या खोलीत वाळत घातलाय. मी त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथं नाना उभे दिसले, आत न जाता, चौकटीला टेकून. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मी त्या खोलीत कधी डोकावलो नव्हतो. भिंतीला एक साधी लाकडी चौकट होती, एकच. खाली ट्रंक उघडी. ट्रंकेत फोटोंची चळत. शेवंती, अबोली, कण्हेर, गोकर्ण, इतक्या वर्षांत मी ज्यांच्यासाठी वारा अडवला ती सगळी फुलं. अक्कांची अंघोळ झाली होती. त्यांनी चौकट उतरवली, मागची फळी सरकवली, आतला कालचा मोगऱ्याचा फोटो काढून ट्रंकेत नीट ठेवला. हात सराईत होते. रोज सकाळी ताजं फूल बदलावं तसे. ज्या बाईनं केसात फूल घातलं तर सगळी गल्ली बोलली असती, तिनं खोलीत कागदावरचं फूल लावलं तर कोण काय बोलणार होतं? हे उत्तर एका माणसानं फार वर्षांपूर्वी काढून ठेवलं होतं, आणि गणिताचा मास्तर मी होतो.

अक्कांनी कपाशीचं फूल हातात घेतलं. पाकळ्यांवरून नाही, टिळ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग ट्रंकेच्या तळातून आणखी एक फोटो काढला. मी ओळखला. गेल्या वर्षीचा, पेन्सिलीनं गोरापान केलेला, कुंकू पुसलेला. धुळ्याहून आल्यावर नानांनी तो अक्कांकडे चुलीत टाकायला दिला होता, हे मला ठाऊक होतं.

अक्कांनी आधी तो चौकटीत घातला, त्याच्यावर नवा ठेवला आणि फळी बंद केली.

नानांच्या तोंडून नकळत गेलं, "अक्का, जुना कशाले?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. चौकट खिळ्याला लावली, जरा डावीकडे सरळ केली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ते बी फूलच शे."

आणि दोन पावलं मागे येऊन त्या फुलाकडे बघत उभ्या राहिल्या. मी कोट घ्यायला पाऊल उचललं होतं. नानांचा हात माझ्या दंडावर आला. छातीवर तो बिल्ला कालचाच, वाकडा लागलेला. आवाज दुकानातला नव्हता, जेमतेम मला ऐकू येईल इतकाच.

"मास्तर," ते म्हणाले, "हालायचं नाही."